सोडलेला वाघ कुठे जातो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. चांगदेव म्हटलं की महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराच्याही डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. वाघावर बसलेला योगी, हातात सापाचा आसूड, आणि समोरून भिंतीवर बसून येणारी चार भावंडं. ही कथा वारकऱ्यांची आहे तशीच ती सूफींचीही आहे. एक पीर वाघावर स्वार होऊन दुसऱ्याला भेटायला निघतो आणि दुसरा बसल्या जागची भिंतच चालवत पुढे येतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसंही सांगत. दोन्हीकडे सांगायचं एकच असतं. सिद्धीचा तोरा मिरवू नये.

मला मात्र या कथेत एका तिसऱ्याचंच कुतूहल वाटत आलं आहे. भेट झाली, चांगदेवांचा अभिमान गळाला, ते मुक्ताईचे शिष्य झाले. सगळं ठीक. पण ते ज्या वाघावर बसून आले, त्या वाघाचं पुढे काय झालं? चांगदेव खाली उतरल्यावर तो तिथंच राहिला, की ज्या रानातून आला त्या रानाची वाट धरून चालू लागला? कथा सांगणारे याबद्दल काही बोलत नाहीत. त्यांचं काम वाघ येण्यापुरतं होतं.

आज हा प्रश्न पुराणकथेपुरता राहिलेला नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या देशात सिंह, वाघ, बिबटे आणि चित्ते एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी सोडण्याचे अनेक प्रयोग झाले. कधी संपलेलं जनावर पुन्हा वसवण्यासाठी, तर कधी नकोसं झालेलं जनावर दूर नेण्यासाठी. दोन्ही वेळा माणसाची समजूत एकच होती. जनावर पिंजऱ्यातून उतरलं म्हणजे ते तिथलं झालं. त्या समजुतीचा हा इतिहास आहे, आणि त्यातलं एक ठळक प्रकरण आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे.

पहिली गोष्ट एका मराठी राजाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या गादीवर माधवराव शिंदे होते. मध्य भारतातले सिंह एकोणिसाव्या शतकातच शिकारीपायी संपले होते आणि गीरच्या जंगलात थोडे शिल्लक होते. आपल्या संस्थानात पुन्हा सिंह असावेत, अशी माधवरावांची इच्छा. ते कर्झनसाहेबाचे दिवस होते. मग आफ्रिकेतून सिंह मागवले गेले. कुनो नदीच्या खोऱ्यात, श्योपूरच्या रानात, डोबकुंड इथे त्यांच्यासाठी उंच भिंतींचे कोट बांधले. तिथे त्यांना ठेवलं आणि काही काळानं रानात सोडलं. सिंहांना ते रान आपलं वाटलं नाही. ते गावांकडे वळले, गुरं मारू लागले, माणसंही त्यांच्या तावडीत सापडली. काहींना पुन्हा पकडलं, काही दूरवर पांगले आणि गोळ्यांना बळी पडले. हौस राजाची होती, ती निस्तरली मात्र गावकऱ्यांनी आणि सिंहांनी.

स्वातंत्र्यानंतर १९५७ साली असाच प्रयोग उत्तर प्रदेशात झाला. वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात गीरचे एक नर आणि दोन माद्या सोडल्या. सुरुवात उत्तम झाली. १९६५ पर्यंत ते ११ झाले. त्यानंतर मात्र ते दिसेनासे झाले. अभयारण्य लहान होतं. वाढलेलं कुटुंब बाहेर पडणारच होतं आणि बाहेर त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं. त्यांच्यावर नीट लक्ष ठेवण्याचं साधनही त्या काळी नव्हतं. म्हणून त्यांचं नेमकं काय झालं, हेसुद्धा इतिहासात नीट नोंदलं गेलं नाही.

असं का होतं, हे कळायला मांजरकुळातल्या मोठ्या जनावरांचा स्वभाव पाहावा लागतो. वाघाचं आणि बिबट्याचं जंगल म्हणजे नुसती झाडी नव्हे. तो त्याचा इलाखा असतो. पाणवठा कुठे, सांबर कुठल्या उताराला चरतं, शेजारच्या नराची हद्द कुठे संपते, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. झाडावर मूत्राचे फवारे मारून, नखांचे ओरखडे काढून तो आपला सातबारा लिहीत असतो. दीड-दोन वर्षांची पिल्लं आईपासून वेगळी होतात. माद्या बहुधा आईच्या शेजारपाजारीच जागा शोधतात. नरांना मात्र लांब जावं लागतं, कारण जवळची जागा दुसऱ्या नरानं धरलेली असते.

किती लांब? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला होता. त्याच वर्षी तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, ओढे, रस्ते ओलांडत डिसेंबरपर्यंत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. १३०० किलोमीटरांहून अधिक चालणं झालं होतं. कोणी त्याला नेलं नव्हतं. त्याला हवी होती ती जागा आणि जोडीदारीण.

आता विचार करा. अशा जनावराला भुलीचं औषध देऊन उचललं आणि शंभर कोसांवर नेऊन उतरवलं, तर त्याच्या डोक्यातला सातबारा पुसला जातो का?

याचं उत्तर २००९ साली मध्य प्रदेशातल्या पन्ना इथे एका वाघानं दिलं. चोरट्या शिकारीनं पन्नातले वाघ पार संपले होते. त्याआधी राजस्थानात सरिस्का रिकामं झालं होतं आणि तिथे २८ जून २००८ रोजी रणथंभोरहून हेलिकॉप्टरनं वाघ नेला होता. पन्नात मार्च २००९ मध्ये बांधवगड आणि कान्हा इथून दोन वाघिणी आणल्या. नोव्हेंबरात पेंचहून एक नर आला. टी-३ हे त्याचं कागदावरचं नाव. काही दिवस कुंपणात ठेवून त्याला मोकळं केलं. थोडा काळ तो इकडेतिकडे फिरला आणि मग त्यानं दक्षिण दिशा धरली. पेंच दक्षिणेला आहे.

वनखात्याची माणसं हत्तींवरून, गाड्यांतून त्याच्यामागे महिनाभर होती. गावं, शेतं, रस्ते पार करत तो चारशेहून अधिक किलोमीटर चालला. त्याला कोणी नकाशा दाखवला नव्हता, तरी त्याचं तोंड घराकडे होतं. अखेर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला पुन्हा भूल देऊन पन्नात आणलं. या वेळी अधिकाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. वाघिणीचं मूत्र आणून रानात शिंपडलं. म्हणजे इथे तुझ्याजोगतं कोणीतरी आहे, हा निरोप त्याच्याच भाषेत त्याला दिला. टी-३ थांबला. एप्रिल २०१० मध्ये पन्नात पिल्लं जन्मली. आज तिथल्या वाघांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्या वंशाचा मूळपुरुष हा पळून निघालेला वाघच आहे.

पन्नाची गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण यश पिंजऱ्याचं दार उघडलं त्या दिवशी आलं नव्हतं. वाघ निघून गेला, तेव्हा त्याच्यामागे चालत राहणारी माणसं होती आणि तो का निघाला हे समजून घेण्याची तयारी होती, म्हणून ते आलं. शिंद्यांच्या सिंहांच्या बाबतीत आणि चंद्रप्रभेत नेमकं हेच नव्हतं.

हे झालं दूरच्या रानांचं. आपल्याकडे तर रानच नाही, मग इथे काय संबंध, असं कोणी विचारील. पुणतांबा, राहाता, कोपरगाव हा पट्टा मुळात कोरड्या माळाचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे कालवे आले. मग ऊस आला. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्यामागून कारखान्यांची रांग लागली. माणसानं लावलेलं, दोन पुरुष उंचीचं, बारमाही ओलाव्याचं एक नवं रान या जिल्ह्यात तयार झालं. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. तेवढ्या काळात बिबट्याची मादी वितं, पिल्लं वाढवते. पाणी पाटात, खायला वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या. उसात जन्मलेल्या बिबट्यानं डोंगर पाहिलेलाच नसतो. त्याच्या लेखी हेच माहेर.

आमच्याकडे पहाटे फजरच्या नमाजाला निघणारे आणि काकडआरतीला निघणारे, दोघांच्याही हातात हल्ली बॅटरी आणि काठी असते. रात्रपाळीच्या विजेवर उसाला दारं धरायला जाणारा शेतकरी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जातो. हौस म्हणून नव्हे, बिबट्याला आपली चाहूल लागावी म्हणून.

अशा मुलखात बिबट्या दिसला की माणसांचं पहिलं मागणं असतं पिंजऱ्याचं, आणि दुसरं, धरलेला बिबट्या दूर जंगलात सोडण्याचं. हे मागणं पूर्वी पुरं होत असे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वन विभागात २००१ पासून ते फार मोठ्या प्रमाणावर पुरं झालं. उसातले बिबटे पिंजरे लावून धरले आणि सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या सह्याद्रीतल्या जंगलांत नेऊन सोडले. हेतू चांगला होता. बिबट्याला जंगल मिळेल आणि गावाला शांत झोप.

परिणाम मात्र उलटा झाला. विद्या अत्रेय या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सगळ्याचा हिशेब मांडला. ही मोहीम सुरू होण्यापूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, ती सरासरी १७ वर गेली.

असं का झालं असावं, याचं अभ्यासकांनी केलेलं विवेचन शेतकऱ्यालाही पटेल असं आहे. धरलेला बिबट्या कित्येक दिवस पिंजऱ्यात राहतो. माणसांची गर्दी, आरडाओरडा, काठ्यांचं डिवचणं सोसतो. मग त्याला अनोळखी रानात उतरवतात. तिथे आधीच दुसऱ्या बिबट्यांचे इलाखे असतात. ते त्याला टिकू देत नाहीत. पाणी कुठे, भक्ष्य कुठे, ठाऊक नाही. तो घराच्या दिशेनं निघतो. वाटेत जी गावं लागतात त्यांना बिबट्यासोबत राहायची सवय नसते, आणि त्याला त्या गावांची. इकडे उसात त्याची जागा रिकामी झालेली असते. ती फार दिवस रिकामी राहत नाही. कुठला तरी तरुण, अननुभवी बिबट्या ती धरतो. म्हणजे एक ओळखीचा शेजारी पाठवून आपण दोन अनोळखी पाहुणे तयार करतो, एक इथे आणि एक तिथे.

अशाच एका बिबट्याची वाटचाल पुढे पावलापावलानं नोंदली गेली. हा आपल्या नगर जिल्ह्याचा. २००९ च्या एप्रिलअखेर पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं. अत्रेय यांच्या चमूनं त्याच्या गळ्यात उपग्रह पट्टा बांधला, शेपटीत ओळखीची चिप बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. शांत, वयानं मोठा, म्हणून त्याचं नाव पडलं 'आजोबा'.

आजोबा माळशेजला राहिला नाही. पट्ट्यातून येणाऱ्या संदेशांवरून त्याचा प्रवास कळत गेला. तो घाट उतरला, कसाऱ्याच्या बाजूनं गेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, लोहमार्ग ओलांडला. वसईकडे कारखान्यांच्या, वस्त्यांच्या पट्ट्यातून वाट काढली, खाडी पोहून गेला आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत दाखल झाला. हे सगळं महिन्याभरात, बहुतेक रात्रीचं. वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. हजारो माणसांच्या अंगणावरून तो गेला असेल आणि त्यांना पत्ताही नव्हता.

२०११ च्या अखेरीस त्या बाजूच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेनं मेलेला एक बिबट्या आढळला. शेपटीतल्या चिपेवरून ओळख पटली. तो आजोबा होता. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. पण मला त्या प्रवासातली एक गोष्ट चित्रपटापेक्षा मोठी वाटते. त्या बिबट्याला कुठे राहायचं हे ठरलेलं होतं. आपण दिलेला पत्ता त्यानं फक्त वाचला आणि पुढे निघाला.

याच सुमारास आपल्या अकोले तालुक्यात आणखी एक अभ्यास झाला. उसाच्या आणि वस्त्यांच्या मुलखात स्वयंचलित कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या भागात, १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळपास तितकेच तरसही. विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या अन्नात पाळीव जनावरांचाच भरणा निघाला आणि त्यातही पहिला नंबर कुत्र्यांचा. उपग्रह पट्टे घातलेले बिबटे दिवसा उसात पडून राहत आणि रात्री घरांच्या अगदी जवळून फिरत. तरीही त्या अभ्यासाच्या भागात माणूस मारला गेल्याची घटना नव्हती.

या अभ्यासांचा परिणाम कागदावर उमटला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं माणूस आणि बिबट्या यांच्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या धरून दूर नेऊन सोडण्याचा सरसकट उपाय टाळावा, सोडायचाच तर जवळच सोडावा, असा त्यांचा रोख होता.

यातलं सर्वांत लहान आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत सुंदर पुनर्वसन ऊसतोडीच्या हंगामात घडतं. कोयता चालता चालता सरीत बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेत आणि आयुष्यभर पिंजऱ्यात वाढवत. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राच्या आणि वनखात्याच्या माणसांनी दुसरी रीत घालून दिली. पिल्लं तपासायची आणि संध्याकाळी त्याच शेतात, त्याच जागी खोक्यात ठेवायची. बाजूला कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी निघून यायचं. रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. तोडणीची टोळी त्या दिवशी शेत सोडून बाजूला थांबते. दिवसाची मजुरी बुडते तिची. आई आणि लेकरू यांची भेट व्हावी म्हणून बीडच्या एखाद्या ऊसतोड बाईनं बुडवलेली ती मजुरी कुठल्याही प्रकल्प अहवालात येत नाही. पिल्लांना कुठे नेलं नाही, म्हणूनच ती पुन्हा नांदली, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे.

हे सगळं बोलताना एक गोष्ट मला सोडून देता येत नाही. बिबट्या काही कवितेतला प्राणी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर भागात आणि आमच्या शेजारच्या कोपरगाव तालुक्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्यांत लेकरं होती. ज्या घरातलं मूल अंगणातून ओढून नेलं, त्या घरासमोर उभं राहून बिबट्याचा इलाखा आणि त्याचा स्वभाव सांगायला जीभ उचलत नाही. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवले. ते रानटी झाले म्हणून नव्हे, त्यांची लेकरं गेली म्हणून. माणसाला सरावलेला बिबट्या धरलाच पाहिजे, वेळ पडली तर मारलाही पाहिजे, आणि कायद्यात त्याची सोय आहे. त्याच वेळी पकडलेले बिबटे दूर धाडण्याची मागणी पुन्हा जोरात आली, नसबंदीचा विषय निघाला.

माझं म्हणणं एवढंच की या मागणीला उत्तर देताना जुन्नरचे २००१ ते २००३ हे दिवस समोर ठेवावेत. ४ चे १७ झाले, तेही माणसांवरचेच हल्ले होते. दूर सोडलेल्या बिबट्यानं ज्या अनोळखी गावात माणूस धरला, त्या गावातलं लेकरूही कोणाचं तरी होतं. आपल्या अंगणातलं संकट गाडीत घालून दुसऱ्याच्या अंगणात पाठवणं हा न्याय नव्हे. रात्रीऐवजी दिवसाची वीज, वस्तीवर दिवा, गोठ्याला जाळी, अंगणात शौचालय, उकिरड्यावर जमणारी कुत्री कमी करणं आणि हल्ला झाला त्याच दिवशी येणारं पथक, ही कामं पिंजऱ्याइतकी डोळ्यांत भरत नाहीत. पण मोबाईलवर गाणी लावून दारं धरायला जाणाऱ्या माणसाला विचाराल, तर यादी याच क्रमानं येईल.

आता पुन्हा वाघाकडे येतो, कारण महाराष्ट्र सध्या एका नव्या प्रयोगाच्या उंबरठ्यावर आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नावात वाघ होता, पण रानात तो क्वचितच दिसे. पुढे कॅमेऱ्यात काही नर टिपले गेले. ते दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकाच्या रानांतून डोंगररांगेनं आपल्या पायांनी आले होते. माद्या मात्र येत नव्हत्या, कारण माद्या इतक्या लांब जातच नाहीत. म्हणून २०२५ मध्ये विदर्भातून टप्प्याटप्प्यानं वाघ आणून इथे सोडण्याला मंजुरी मिळाली आणि त्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक तरुण वाघीण चांदोलीत आणली. तिला एकदम मोकळं न सोडता आधी तिथल्याच कुंपणात ठेवून रानाची हवा लागू दिली. गळ्यात पट्टा आहे. आधी मादी, तीही तरुण, आणि जिथे नर आधीच येऊन थांबलेत अशा रानात. पन्नाचा धडा इथे गिरवलेला दिसतो.

त्याच वर्षी शेजारच्या मराठवाड्यात वेगळंच नाट्य चाललं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला. तोही टिपेश्वरचाच, कित्येक जिल्हे ओलांडून आलेला. त्याला धरून सह्याद्रीत न्यावं असं ठरलं. पथकं आली, महिनोन्‌महिने मागावर राहिली. वाघ हाती लागला नाही. सह्याद्रीला वाघ हवा होता आणि वाघाला येडशी हवी होती.

माधवराव शिंद्यांनी ज्या कुनोच्या रानात सिंह सोडले, त्याच कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ चित्ते आले आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून १२. ज्या उद्यानासाठी आधी २४ गावं उठवली होती, तिथून २०२३ च्या एप्रिलमध्ये एक चित्ता बाहेर पडून शेतांत हिंडू लागला, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटलं. ज्यांना शंभर वर्षांपूर्वीचे सिंह आठवत होते, त्यांना वाटायचं कारण नव्हतं. फरक एवढाच की या वेळी त्याच्यामागे बंदुकीऐवजी भुलीचं औषध घेतलेली माणसं होती आणि गावांत आधीपासून निरोप पोहोचलेला होता.

सह्याद्रीतली वाघीणही एक दिवस हद्द ओलांडील. तिची पिल्लं तर नक्कीच. ती शिराळ्याच्या, पाटणच्या, शाहूवाडीच्या शेतांत येतील. त्या दिवशी तिथल्या धनगरवाड्यातल्या माणसाला वनरक्षकाचा फोन नंबर पाठ असेल का, मेलेल्या गाईचे पैसे त्याला महिन्याच्या आत मिळतील का, हे आज ठरवायचं आहे. वाघ आणण्याचा खर्च अंदाजपत्रकात असतो. तो आल्यानंतरची वीस वर्षं कोण सांभाळणार, याचा रकानाही त्याच कागदावर हवा. चंद्रप्रभेच्या ११ सिंहांना तो मिळाला नव्हता.